लग्न सावंतवाडीचं, नोंद लिस्बनची, व्हिसा आयर्लंडचा: एका कुटुंबाचं प्रकरण

म्हापशात बसून मी जुन्या पोर्तुगीज नोंदींची भाषांतरं करतो आणि परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज लावून देतो. वकील नाही. त्यामुळे या प्रकरणात मी जे केलं ते कायद्याची लढाई म्हणून नव्हे, कागद नीट रचण्याचं काम म्हणून केलं. कुटुंबाची परवानगी आहे. गाव सांगत नाही, आडनाव बदललंय. बदललेल्या आडनावातही मूळच्या आडनावाचीच गोची राहील एवढं मात्र पाहिलंय.

पार्श्वभूमी

नवरा पेडणे तालुक्यातला. त्याचे वडील १९५७ साली, म्हणजे पोर्तुगीज अमलात जन्मलेले. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीव इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना जन्माची नोंद लिस्बनला करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वडिलांची नोंद २०१२ मध्ये झाली, मुलाची २०१५ मध्ये. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यामुळे मुलाने भारतीय पासपोर्ट परत केला, ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड घेतलं आणि २०१६ मध्ये चुलतभावाच्या मागोमाग इंग्लंडात स्विंडनला गोदामात कामाला लागला.

फेब्रुवारी २०१९ मध्ये वडील आजारी पडले म्हणून तो घरी आला. त्यानंतर महिन्याभरात, युरोपीय संघ सोडायला निघालेल्या ब्रिटनने तिथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांसाठी नोंदणीची योजना पूर्णपणे खुली केली. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत तिथे राहत असलेल्यांनी ३० जून २०२१ च्या आत अर्ज करायचा होता. चुलतभावाने दोनदा फोन करून सांगितलं. याचं उत्तर एकच: "पासपोर्ट युरोपाचो आसा, मागीर आनीक अर्ज कित्याक?" पुढे वडील गेले, कोविड आला आणि मुदत टळली. स्विंडनचं दार तिथेच लागलं.

डिसेंबर २०२१ मध्ये त्याचं लग्न झालं. मुलगी सावंतवाडीची, डी.एड. झालेली, भारतीय पासपोर्टवाली. लग्न सावंतवाडीत, नोंदणीही तिथल्याच नगरपरिषदेत. मार्च २०२२ मध्ये तो आयर्लंडला कॉर्क परिसरात गेला आणि एप्रिलपासून एजन्सीमार्फत अन्नपदार्थांच्या पॅकिंगच्या कामाला लागला. घरी राहिल्या बायको आणि त्याची आई.

अडचण

माझ्याकडे हे लोक आले ते व्हिसा नाकारल्यावर. जून २०२२ मध्ये एका एजंटाने बायकोचा साधा पर्यटक व्हिसाचा अर्ज भरला होता. फी घेतली, बँकेत महिनाभर पैसे फिरवून ठेवायला लावले, नवऱ्याचं 'आमंत्रण पत्र' जोडलं. नकार आला. कारण असं की, मुदत संपल्यावर अर्जदार भारतात परत येईल याची खात्री पटत नाही.

कारण वाचून मला हसू आलं, कारण ते खरंच होतं. ती परत येणार नव्हती. ती नवऱ्याकडे नांदायला निघाली होती. पर्यटकाच्या अर्जात परत येण्याचा पुरावा द्यावा लागतो आणि हिच्याकडे तो असणंच शक्य नव्हतं. व्हिसा कार्यालयाला मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे जो अर्ज आला त्याचं उत्तर त्यांनी दिलं.

दुसरी गाठ जास्त अवघड होती. नवऱ्याचं आडनाव आधारवर, शाळेच्या दाखल्यावर आणि लग्नाच्या प्रमाणपत्रावर आपण सगळे लिहितो तसं 'नाईक'. पोर्तुगीज पासपोर्टवर मात्र 'के'च्या जागी 'क्यू' अक्षर असलेलं जुनं पोर्तुगीज स्पेलिंग, कारण वडिलांच्या १९५७ च्या जन्मनोंदीत कारकुनाने तसं लिहिलं होतं आणि लिस्बनने ते जसंच्या तसं उचललं. शिवाय पोर्तुगालच्या दफ्तरी हा अजून अविवाहित! लग्न तिकडे कळवलेलंच नव्हतं. कागदोपत्री पाहता, सावंतवाडीच्या मुलीने एका भारतीय नाईकाशी लग्न केलं होतं आणि आयर्लंडात राहणारा पोर्तुगीज गृहस्थ हा दुसराच कोणी बिनलग्नाचा माणूस होता.

कायदा थोडक्यात

युरोपीय संघाचा २००४/३८ क्रमांकाचा निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बांधून घेणारा नियम, या सगळ्याचा पाया. संघातल्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात गेला, तर त्याची बायको किंवा नवरा, एकवीस वर्षांखालची किंवा अवलंबून असलेली मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील, मग ते कुठल्याही देशाचे असोत, त्याच्यासोबत किंवा त्याच्या मागाहून जाऊ शकतात. पहिले तीन महिने ओळखपत्रापलीकडे अट नाही. पुढे राहायचं तर त्या नागरिकाने नोकरी वा धंदा करत असावं, किंवा स्वतःपुरता पैसा आणि आरोग्यविमा असावा, किंवा विमा व निर्वाहाच्या सोयीसह शिकत असावं. घरच्यांना प्रवेशाचा व्हिसा लागतो, पण तो फुकट आणि लवकरात लवकर द्यायचा, असं पाचव्या कलमात स्पष्ट लिहिलंय.

'दुसऱ्या सदस्य देशात' हे शब्द आपले लोक वाचतच नाहीत. पोर्तुगीज माणूस पोर्तुगालमध्येच राहिला तर हा निर्देश त्याला लागू होत नाही. आयर्लंडातला आयरिश माणूस भारतीय बायको आणू पाहतो तेव्हा त्याला आयर्लंडचे स्वतःचे, मिळकतीची चौकशी करणारे नियम लागतात. शेजारच्या पोर्तुगीजाला ते लागत नाहीत. घरच्यापेक्षा पाहुण्याला ताट मोठं, असा हा प्रकार आहे. पण संघाचा सगळा डोलारा लोकांनी सीमा ओलांडून कामाला जावं यासाठीच उभा केलेला आहे हे लक्षात घेतलं की त्याची संगती लागते. बायको नेता येणार नसेल तर माणूस कशाला जाईल?

कोणते पर्याय होते

सासू, सून, सुनेचे वडील आणि फोनवर नवरा, अशी आमची बैठक झाली. सुनेच्या वडिलांचं म्हणणं, पोर्तुगीज पासपोर्ट आहे तर पोर्तुगालच सोपं. निर्देश तिथे लागू नसला तरी पोर्तुगालने आपल्या कायद्यात स्वतःच्या नागरिकांच्या कुटुंबांनाही त्यातल्या सवलती देऊ केल्या आहेत, तेव्हा हे अगदीच चुकीचं नव्हतं. पण आधी लग्नाची नोंद लिस्बनला करायची, भाषा शिकायची, आयर्लंडात लागलेली नोकरी सोडायची आणि कमी पगारावर नव्याने सुरुवात करायची. नवऱ्याने साफ नकार दिला.

जर्मनीत त्याचा मित्र होता. तिथे एक गोष्ट भुरळ घालणारी होती: जर्मन नागरिकाच्या भारतीय बायकोला सहसा जर्मन भाषेची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते, पोर्तुगीज नागरिकाच्या बायकोला नाही. पण भारताच्या अपॉस्टिलला, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार देतं त्या शिक्क्याला, जर्मनीने हरकत घेतलेली आहे. त्यामुळे आपल्या कागदांची तिथे वेगळी पडताळणी होते आणि आमचा कागद तर आधीच लंगडा. शिवाय नवऱ्याला जर्मन येत नव्हतं, मग काम कुठलं मिळणार?

एजंट अजून मागे लागला होता. पुन्हा पर्यटक व्हिसा टाकू, या वेळी बँकेत जास्त रक्कम दाखवू, असं तो म्हणत होता. हा पर्याय मी जरा चढ्या आवाजातच मोडीत काढला. ती पर्यटक नव्हती. अर्जात खोटा हेतू लिहिला आणि तो उघडा पडला, तर पुढचा खरा अर्जही संशयाने वाचला जातो.

राहिला आयर्लंडचाच मार्ग, पण युरोपीय नागरिकाची पत्नी म्हणून. नवऱ्याला भीती होती की एजन्सीचं काम, आठवड्याला कधी वीस तास, कधी तीस, एवढ्यावर व्हिसा कोण देणार. ही भीती खोटी होती. कामगार म्हणून हक्क सांगताना किमान पगाराची रेघ नसते. अर्धवेळ काम असलं तरी ते खरंखुरं असावं, नावापुरतं नसावं, एवढंच युरोपीय न्यायालय १९८२ च्या लेविन खटल्यापासून सांगत आलंय. बँकेत गठ्ठा दाखवायची गरज नव्हती, पगाराच्या पावत्या पुरेशा होत्या.

दुसरी शंका सुनेने स्वतः काढली. "काका, मी युरोप कधी पाहिलापण नाही. लग्न इथलं. चालतं का?" चालतं, आणि ते ठरलं आयर्लंडच्याच खटल्यात. पूर्वी आयर्लंडचा आग्रह असे की जोडीदार आधी दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर राहिलेला असावा. युरोपीय न्यायालयाच्या २५ जुलै २००८ च्या मेटॉक निकालाने ती अट गेली. लग्न कुठे झालं, कधी झालं, याने फरक पडत नाही. लग्न खरं असलं पाहिजे.

काय केलं

सगळ्यात जास्त वेळ गेला आडनावात. लग्नाचं प्रमाणपत्र दुरुस्त करून घ्यावं की दोन्ही नावांचा माणूस एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं, हा पहिला प्रश्न. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर माझा विश्वास नाही. नोटरीपुढे कोणीही काहीही लिहून देतो. दुरुस्तीला मात्र किती महिने लागतील याचा अंदाज नव्हता. शेवटी दोन्ही सुरू केलं आणि प्रतिज्ञापत्राच्या पाठीशी साखळी उभी केली: वडिलांच्या १९५७ च्या जन्मनोंदीचा उतारा, त्याचं भाषांतर, मुलाची लिस्बनची नोंद, परत केलेल्या भारतीय पासपोर्टची प्रत आणि ओसीआय कार्ड. रद्द पासपोर्टची प्रत हा यातला कळीचा कागद ठरला. त्यावर आपल्या स्पेलिंगचं नाव आणि जन्मतारीख होती, आईवडिलांची नावं होती आणि फोटो तोच. नशीब, ती प्रत सासूबाईंनी देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवली होती.

लग्नाचं प्रमाणपत्र मुंबईला मंत्रालयात प्रमाणित करून परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल घेतलं. लिस्बनला लग्न कळवण्याचं कामही मार्गी लावलं, पण त्याच्यासाठी व्हिसा अडवून ठेवला नाही. भारतात रीतसर झालेलं लग्न पोर्तुगालच्या दफ्तरात चढायच्या आधीही लग्नच असतं. हा निर्णय जोखमीचा होता हे मान्य करतो. अधिकाऱ्याने 'अविवाहित' ही नोंद पुढे केली असती तर आम्ही अडकलो असतो. म्हणून सोबतच्या पत्रात ती विसंगती आम्हीच आधी सांगून टाकली.

मग लग्न खरं असल्याचा पुरावा. ठरवून झालेलं लग्न, साखरपुड्याआधी दोन भेटी, लग्नानंतर जेमतेम तीन महिने एकत्र. डब्लिनमधल्या माणसाला हे विचित्र वाटू शकतं. घरच्यांनी जमवलेलं लग्न आणि कागदासाठी केलेलं लग्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे युरोपीय आयोगाच्या २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तिकेतही म्हटलंय. तरी दाखवावं लागतंच. फोटो निवडताना सुनेने स्टुडिओवाल्याचे, ढगात उभं राहून काढल्यासारखे फोटो आणले. मी म्हटलं, हे नकोत. पंगतीतला आणा, रुखवताशेजारी दोन्हीकडची माणसं असलेला आणा, वरातीत काका नाचतायत तो आणा. लग्नपत्रिकेचं भाषांतर केलं, त्यात 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' ही ओळसुद्धा सोडली नाही. दर महिन्याला नवऱ्याकडून आलेल्या पैशांच्या नोंदी जोडल्या.

पहिला नकार लपवला नाही. आधीचा अर्ज चुकीच्या प्रकारात भरला गेला होता, हे दोन वाक्यांत लिहिलं. हेतू लपवला नाही, परतीचं वचन दिलं नाही, निर्देशाच्या पाचव्या कलमाचा उल्लेख केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अर्ज गेला, फीशिवाय. सात आठवड्यांनी व्हिसा आला. जानेवारी २०२३ मध्ये ती मुंबईहून आखातामार्गे डब्लिनला उतरली. लंडनमार्गे तिकीट स्वस्त मिळत होतं, पण ब्रिटनच्या पारगमनाच्या नियमांची नवी भानगड मला नको होती.

मध्येच आलेलं संकट

व्हिसा म्हणजे फक्त उंबरठा. तीन महिन्यांपलीकडे राहायचं तर निवासपत्रासाठी अर्ज करावा लागतो. आयर्लंडात पती-पत्नींसाठी तो 'ईयू १' नावाचा फॉर्म. फेब्रुवारीत तो दिला. निर्णयाला सहा महिन्यांची मुदत असते. तोवर तात्पुरत्या परवानगीवर तिला काम करता येत होतं आणि एका पाळणाघरात ते मिळालंही.

मे महिन्यात नवऱ्याचं काम सुटलं. ऑर्डर घटली, एजन्सीने तास शून्यावर आणले. इथे तीन दिवसांत तीन चुका होता होता वाचल्या.

एजन्सीचा माणूस म्हणाला, स्वतःहून काम सोडल्याचं लिहून दे, म्हणजे उरलेले पैसे लवकर मोकळे होतील. हा लिहून देणार होता. सुनेला शंका आली आणि तिने मला मेसेज टाकला. कामगाराचा दर्जा टिकतो तो काम इच्छेविरुद्ध गेलं असेल तरच. राजीनाम्याच्या त्या एका ओळीने त्याचा दर्जा गेला असता आणि त्या दर्जावर उभा असलेला तिचा अर्जही कोसळला असता. त्याने राजीनामा दिला नाही, काम संपल्याचं पत्र मागून घेतलं.

मग म्हणाला, सरकारी रोजगार कार्यालयात नाव घालणार नाही. "भीक मागायला आलोय का मी?" या मानी स्वभावाशी बोलणं कठीण असतं. त्याला सांगितलं, भत्ता घेऊ नको हवं तर, पण नोंदणी कर. वर्षाहून जास्त काम झालेलं असेल आणि रोजगार शोधणारा म्हणून नोंद असेल तर कामगाराचा दर्जा चालू राहतो. वर्षाच्या आत काम गेलं असतं तर किमान सहा महिनेच राहिला असता. याचे तेरा महिने भरले होते. शेवटी बायको सोबत गेली तेव्हा हा गेला.

तिसरं, काम नाहीच तर दोन-तीन महिने पेडण्याला आईकडे राहून येतो, चतुर्थी करूनच परततो, असं त्याच्या मनात आलं. एरवी मी कोणालाही चतुर्थीला घरी जाऊ नको म्हणणार नाही. पण तिचा हक्क तिच्या स्वतःच्या नावाचा नव्हता, तो आयर्लंडात असलेल्या नवऱ्याच्या हक्कावर बेतलेला होता. निर्णय लागायच्या आधी तोच देशाबाहेर दीर्घकाळ राहिला तर अधिकाऱ्याने काय समजायचं? तो राहिला. पाच आठवड्यांनी दुसऱ्या कारखान्यात लागला, या वेळी थेट कंपनीच्या पगारावर. बदललेली परिस्थिती पुराव्यासह आम्ही लगेच कळवली.

निकाल

ऑगस्ट २०२३ मध्ये पाच वर्षांचं निवासपत्र मिळालं. इतरांना नोंदणी कार्डासाठी ३०० युरो पडतात, युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयांना ते माफ. तिला वेगळा कामाचा परवाना लागत नाही. सलग पाच वर्षं कायदेशीर राहिली की कायमच्या वास्तव्याचा हक्क तिच्या स्वतःच्या नावावर येईल.

सासूबाईंचं मात्र अडलंय. त्या वेंगुर्ल्याच्या, १९६३ च्या, भारतीय नागरिक. नवरा हयात असताना, पोर्तुगीज नागरिकाची पत्नी म्हणून त्यांना नागरिकत्व मागता आलं असतं. तेव्हा कोणाला सुचलं नाही, आणि लग्न टिकून असतानाच तो अर्ज करता येतो. आता उरला 'अवलंबून असलेली आई' हा रस्ता. त्यासाठी मुलाच्या पैशावाचून तिच्या मूलभूत गरजा भागत नाहीत हे दाखवावं लागतं, आणि हे अवलंबन ती जिथून येणार त्या देशात असलं पाहिजे, असं न्यायालयाने २००७ च्या जिया निकालात म्हटलंय. मुलगा पैसे पाठवत होता, पण बरेचदा गावच्या कोणा येणाऱ्याच्या हाती, पाकिटात घालून. त्या पाकिटांची नोंद कुठे आहे? २०२३ च्या सप्टेंबरपासून सगळं बँकेतून जातंय, औषधांची बिलं फाईलला लागतायत. अर्ज अजून केलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

लग्नाच्या नोंदणीच्या दिवशी पासपोर्ट काढून त्यावरचं नाव फॉर्ममध्ये उतरवलं असतं तर चार महिने वाचले असते. नगरपरिषदेत फॉर्म भरला तो चुलत्याने, सवयीने.

दोघांनी मार्चमध्ये बरोबरच निघायचा विचार करायला हवा होता. निर्देशात 'सोबत' आणि 'मागाहून' दोन्ही आहे. आधी नवऱ्याने जम बसवायचा आणि मग बायको न्यायची, ही आपली पद्धत आखातातून आलेली आहे. ती इथे लागत नाही. पण त्याला नोकरी नसताना दोघांनी जाणं कितपत झेपलं असतं, हे मी इथे बसून कसं सांगू? या मुद्द्यावर माझं आणि सुनेचं अजून एकमत नाही. तिच्या मते नऊ महिने फुकट गेले.

माझ्याकडून एक राहिलं. वडील वारल्यानंतर हेच कुटुंब एका भाषांतरासाठी माझ्याकडे आलं होतं. तेव्हा ब्रिटनची मुदत संपायला वेळ होता. मी विचारलंच नाही.

आणि कधी पोर्तुगालला जायचं झालंच, तर आयर्लंडातली ही वर्षं तिथेही उपयोगी पडतील. सुरिंदर सिंग नावाचा भारतीय नागरिक ब्रिटिश बायकोसोबत जर्मनीत काम करून ब्रिटनला परतला. त्याच्या खटल्यात न्यायालयाने १९९२ साली म्हटलं की दुसऱ्या सदस्य देशात काम करून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला मायदेशातही युरोपीय हक्काचा आधार मिळतो. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आधी आई येऊ दे.

गेल्या वर्षी त्यांना मुलगी झाली. जन्मनोंदीचा फॉर्म भरताना रात्री साडेअकराला फोन आला. आडनाव कुठलं घालायचं, आपलं की पासपोर्टवरचं? मी म्हटलं, पासपोर्टवरचं. मागून सासूबाईंचा आवाज आला, त्या व्हिडिओ कॉलवर पेडण्याहून जोडलेल्या होत्या: "नातीच्या नावात तां अक्षर कित्याक?" सुनेने तोवर 'क्यू' लिहून टाकलं होतं.